बरोबरचं बटण नसलेलं यंत्र

हे जो कोणी वाचेल त्याने आधी मला माफ करावं. माझं अक्षर कोंबडीने माती उकरल्यासारखं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं आणि चौथीनंतर शाळाच सुटली. वही मुलीची आहे, अर्धी कोरी राहिली होती. कोणाला दाखवायची नाही असं ठरवूनच लिहिते आहे. काका त्यांच्या भाच्याकडे नाशिकला राहायला गेले, वरच्या खोलीला अक्कांनी कुलूप घातलं, तेव्हा वाटलं की विसरायच्या आत लिहून ठेवावं. तोंडाने सांगायचं म्हटलं तर चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. लिहिताना कोणी बघत नाही, हे बरं.

आमच्या शहरातल्या, पुण्याच्या नव्हे, भवानी पेठेत अक्कांचं घर आहे. खाली पुढे अक्का, मागच्या खोलीत आम्ही, आणि वर लाकडी जिना चढून काका. अक्का आमच्या घरमालकीण. तेलुगू बोलणाऱ्या, विणकराच्या घरातल्या. गल्लीतल्या बायकांची भिशी त्याच चालवतात. काका एकटे होते. जुन्या गिरणीच्या विणकाम खात्यात त्यांनी नोकरी केली होती. गिरणी बंद पडली तरी त्यांचं काम बंद पडलं नाही. एमआयडीसीतले टॉवेलवाले अडले की त्यांना बोलवायचे. मागावर किती दातांचं चाक लावायचं, बीमच्या रुळावर सूत किती गुंडाळावं लागेल, टॉवेल किती वजनाचा निघेल, हे सगळं काका खिशातल्या यंत्रावर काढून द्यायचे.

त्या यंत्राला मी एकदा कॅल्क्युलेटर म्हटलं. काका म्हणाले, "कॅल्क्युलेटर वाण्याकडे असतो. हे यंत्र आहे."

ते पानाच्या डब्याएवढं होतं, वरच्या बाजूला जाड आणि खाली निमुळतं. कातडी पिशवीत असायचं. त्याचे आकडे लाल दिव्यांचे होते. उन्हात दिसायचे नाहीत, म्हणून काका हिशोब करताना डोक्यावर टॉवेल घ्यायचे. रस्त्यात मध्येच उभं राहून टॉवेलाखाली डोकं घातलेला माणूस दिसला की गल्लीतल्या लोकांना कळायचं, काका कामात आहेत. गिरणीत माग बसवायला कोणी परदेशी माणूस आला होता, त्याच्याकडून काकांनी ते तरुणपणी विकत घेतलं होतं. त्यासाठी म्हणे ते सहा महिने एक वेळ जेवले.

त्याला बरोबरचं बटण नव्हतं. दोन छोट्या रेघा एकीवर एक असतात ना, ते. काकांनी मला एकदा ते हातात दिलं आणि म्हणाले, दोन आणि तीन करा. मी दोन दाबलं, अधिक दाबलं, तीन दाबलं आणि बरोबर शोधत बसले. सापडेना. वाटलं, बिघडलं माझ्या हातून.

"वैरागबाई, असं नाही," काका म्हणाले. माणसाला ते त्याच्या गावाच्या नावाने हाक मारायचे, आणि माझं माहेर वैरागचं. "आधी दोन लिहा. हे रुंद बटण दाबा, म्हणजे ते आत ठेवलं. मग तीन लिहा. आता दोन्ही जिन्नस समोर आले. आता सांगा काय करायचं."

मी अधिक दाबलं. लगेच पाच आले.

"आधी जिन्नस, मग कृती," काका म्हणाले. "भाजी घरात नाही आणि फोडणी कसली टाकता?"

हे त्यांचं कायमचं वाक्य होतं. अक्का जिन्यात उभ्या राहून भाड्यासाठी ओरडायला लागल्या की ते वरून शांतपणे म्हणायचे, "आधी जिन्नस सांगा. कुठला महिना, किती रुपये? ओरडणं शेवटी." अक्का मग महिना सांगायच्या, रुपये सांगायच्या, आणि तोवर त्यांचा ओरडण्याचा जोर निघून गेलेला असायचा.

मुलीने एकदा त्यांना विचारलं, "काका, फोनमध्ये हाय की सगळं. कशाला हे घेऊन फिरता?"

"फोनला घाई असते," ते म्हणाले. "आपण काय विचारणार ते ठरायच्या आत तो उत्तर देतो."

यंत्राच्या पोटात चार खण होते. नवा आकडा घातला की आधीचे एकेक खण वर सरकायचे, आणि पाचवा घातला की सगळ्यात जुना वरून पडून जायचा. पडला तो गेलाच. काकांचं स्वतःचंही तसंच झालं होतं. बाजारातून चार वस्तू सांगितल्या तर बरोबर आणायचे. पाच सांगितल्या की पहिली विसरायचे. हे माझ्या लक्षात आल्यावर मी पहिली वस्तू बिनकामाची सांगायला लागले. "काका, खराटा, मीठ, तूरडाळ, काडेपेटी, गूळ." खराटा गळून पडायचा आणि बाकीचं घरी यायचं. एकदा त्यांनी नुसता खराटाच आणला. म्हणाले, "रोज कुणीतरी खराटा मागतंय आणि मी आणत नाही, असं आज अचानक आठवलं. फार वाईट वाटलं." तो खराटा अजून आमच्या दाराशी आहे.

एक बारीक खटका होता यंत्राला. तो एकीकडे सरकवला की आपण जे दाबू ते यंत्र नुसतं ऐकून ठेवायचं. दुसरीकडे सरकवला की ऐकलेलं सगळं एका दमात करायचं. करत असताना लाल आकडे काजव्यासारखे लुकलुकायचे. काका म्हणायचे माणसालाही असा खटका पाहिजे. कोणी भांडत आलं तर ते हात वर करून म्हणायचे, "बोला, मी आत्ता ऐकायच्या बाजूला आहे." आणि खरंच सगळं ऐकून घ्यायचे. फक्त पुष्कळदा खटका परत सरकवायचं राहून जायचं. ऐकलेलं करायचं तसंच राहायचं.

ऐकलेलं टिकवायला पातळ, लांबट पट्ट्या होत्या, च्युइंगमच्या चपट्या कांडीएवढ्या. कार्ड म्हणत त्याला. यंत्राच्या उजव्या बाजूच्या फटीत कार्ड लावलं की आतली बारकी मोटर घुर्र करून ओढून घ्यायची आणि डावीकडून बाहेर सोडायची. तेवढ्यात कार्डावरची कृती यंत्रात उतरायची, किंवा यंत्रातली कार्डावर. यंत्र बंद केलं की आतलं सगळं पुसलं जायचं, कार्डावरचं राहायचं. चाकांच्या दातांचं वेगळं कार्ड, सुताचं वेगळं, वजनाचं वेगळं. ज्या कार्डावरचं काही बदलायचं नाही त्याचा कोपरा कापून टाकायचा. कोपरा कापलेल्या कार्डावर यंत्र पुन्हा काही लिहीत नाही.

आता पैशांचं सांगते.

आषाढात माझी भिशी लागली. बारा हजार. त्या पैशांचं काय करायचं ते आधीच ठरलं होतं. अक्कांचा मुलगा पुण्याला गेला आणि त्याचं मोटरवरचं शिलाई मशीन अक्कांच्या पडवीत पडून होतं. ते अक्का मला बारा हजारात देणार होत्या. मी एमआयडीसीत टॉवेलांच्या कडा शिवते. आठ तास सायकल धरून दहा तास होतात आणि मुलगी घरी एकटी असते. मशीन घरात आलं असतं तर कडा घरीच शिवता आल्या असत्या, नगावर.

अक्कांनी पैसे हातात दिले आणि म्हणाल्या, "आता माझ्या भाच्याकडं लग्नाला चाललेय. आठ दिवसांनी आले की दे, मशीन ने." मी पैसे घेऊन मागे निघाले तर काका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर यंत्र उघडून ठेवलेलं. लाल आकड्यांतले निम्मे विझले होते. आठ आणि शून्य ओळखू येत नव्हते.

"मुंबईला एकाकडे अगदी असंच आहे," काका म्हणाले. "चालू आहे. बारा हजार म्हणतो." पैसे त्यांनी मागितले नाहीत. पण यंत्राकडे असं बघत होते की माझ्याच्याने पुढे जाववेना. मी पैशांची पिशवी त्यांच्यापुढे धरली.

"अहो, हे कशाचे?"

"भिशीचे हायेत. मला आठ दिवस लागत न्हाईत."

काकांनी पिशवी हातात घेतली. मग म्हणाले, "तुम्ही कागद मागितला नाहीत. म्हणून व्याज बँकेपेक्षा एक टक्का जास्त."

नवं यंत्र आलं. काकांनी पहिलं काम कुठलं केलं तर माझ्या नावाचं कार्ड. एका बाजूला व्याजाची कृती, दुसऱ्या बाजूला माझा आकडा. वर पेन्सिलीने "वैराग" लिहिलं. आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी मी सायकल काढली की वरच्या गॅलरीतून आवाज यायचा, "वैरागबाई! आज तुमचे बारा हजार चार रुपये साठ पैसे!" रोज दोन रुपये आणि वर काही पैसे वाढायचे. रोज अगदी आनंदाने सांगायचे. पैसे मात्र द्यायचे नाहीत, कारण त्यांच्याकडे नव्हतेच.

मी खाली मान घालून म्हणायची, "बरं काका," आणि पायडल मारायची. सगळी गल्ली ऐकायची. नळावर बायका विचारायच्या, "काय गं, आज कितीवर आलीस?" शेअर बाजार म्हणायच्या मला.

लग्नाहून आल्यावर अक्कांनी कपाळावर हात मारला. "अय्यो! त्या डबड्यात घातलेस? माझं भाडं पण त्यातच जातंय की!"

"देतील की अक्का."

"कधी? तू मागितलीस का?"

मी मागितले नव्हते. आमचे मालक टेम्पोवर असतात, आठवड्यातून दोनदा घरी. ते म्हणाले, मी बोलू का? मी नको म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला दारात उभं करून पैसे मागायचे, हे मला जमणारं नव्हतं. अक्का म्हणाल्या, "दसऱ्याला मुलगा येतोय. तवर मशीन ठेवते. मग तो गिऱ्हाईक बघणार. मी नाही म्हणू शकणार नाही, अम्मा."

काकांना हे सांगायचं मी रोज ठरवायची. जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत जायची आणि परत यायची.

मुळात काकांना पैसे यायला हवे होते. टॉवेलवाल्यांकडे ते जायचे, यंत्र लावायचे, चहा प्यायचे. निघताना शेठ म्हणायचे, "काका, बिल पाठवा." काका म्हणायचे, "हो हो." बिल कधी जायचं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, बिल का पाठवत न्हाई तुमी?"

"सगळ्याची कृती लिहिली मी, वैरागबाई. ही एकच जमली नाही," ते म्हणाले. "माझ्या कामाचा आकडा कुठून घालू? आत काही घातलं नाही तर यंत्र शून्यच दाखवणार."

दसरा आठवड्यावर आला आणि एका सकाळी गॅलरीतून आवाजच आला नाही. महिनाभर मी देवाला हेच मागत होते, पण सायकल हातात धरून उभी राहिले. पायडल मारवेना. शेवटी वर गेले. पहिल्यांदाच शेवटच्या पायरीपर्यंत.

काका यंत्र उघडून बसले होते. कार्ड फटीत लावलं तर मोटर घुरघुरत होती, कार्ड मात्र हलत नव्हतं. कार्ड ओढणाऱ्या बारक्या चाकावरचं रबर वितळून गुळाच्या पाकासारखं झालं होतं. जुन्या यंत्रातलं काढायला गेले तर त्याचे तुकडे हातात आले. "या जातीच्या सगळ्यांचं म्हातारपणी असंच होतं," काका म्हणाले. "कृती सगळ्या कार्डांत. कागदावर एक नाही. ज्याने त्या लिहिल्या तो मी तीस वर्षांचा होतो. आता पुन्हा नाही जमायच्या. आणि तुमचा आकडाही आत अडकलाय."

"बोटावर मोजा की!" अक्का खालून ओरडल्या.

"ते अंदाजे होईल," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

नेमकं त्याच दिवशी आमच्या शेठने त्यांना बोलावलं होतं. बाहेरगावच्या मोठ्या ऑर्डरचे टॉवेल वजनाला जास्त भरत होते. चार दिवस सूत जास्त जात होतं. काका म्हणाले, "शेठना सांगा, काका आता येणार नाहीत."

मी खाली आले. सायकलचं मागचं चाक बसलं होतं, म्हणून पंप लावला. हवा थांबेना. व्हॉल्व्ह काढून बघितला तर त्याच्यावरची वालट्यूब, ती बारीक रबरी नळी, फाटली होती. जवळ नवीन होती. ती थुंकी लावून चढवत होते तेवढ्यात वरून काका ओरडले, "थांबा! तसंच थांबा!"

एवढ्या जोरात जिना उतरताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातून व्हॉल्व्ह घेतला, डोळ्यापुढे धरला, नळी काढली आणि तसेच वर गेले.

मी वर जाऊन बघितलं. त्यांनी नळीचा नखाएवढा तुकडा कापला होता. चाकावरचा चिकटा रॉकेलने पुसला आणि तुकडा त्यावर चढवला. अगदी मापाचा बसला. कार्ड लावलं. घुर्र झालं आणि कार्ड डावीकडून बाहेर आलं.

"वैरागबाई," ते म्हणाले, "बारा हजार दोनशे बारा रुपये. शिवाय एक वालट्यूब."

सायकल बिनहवेची उभी होती. दोघं शेअर रिक्षाने एमआयडीसीत गेलो. रिक्षाचे पैसे मीच दिले.

काकांनी कारखान्यात टॉवेल डोक्यावर घेतला, कार्डं सरकवली, आकडे लुकलुकले. मग म्हणाले, "हे चाक काढा, दोन दात कमीचं लावा, आणि वरच्या बीमचा ताण एवढा ठेवा." दुपारपर्यंत काट्यावर टॉवेल बरोबर वजनाचा आला. शेठ खूश. चहा आला. मी माझ्या मशीनवर कडा शिवत होते, कान तिकडे.

"काका, लई मोठं काम केलं. बिल पाठवा," शेठ म्हणाले.

"हो हो," काका म्हणाले आणि पिशवी बंद करून निघाले.

तेव्हा मला काय झालं माहीत नाही. माझे स्वतःचे मागायला चौथी पायरी ओलांडवली नव्हती. पण त्यांची ती वाकलेली पाठ दाराकडे चाललेली बघितली आणि मी उठले. टॉवेल मशीनमध्ये तसाच अडकलेला.

"शेठ," मी म्हणाले. सगळ्या बायका शिवायच्या थांबल्या. "काका बिल पाठवत न्हाईत. तुमाला बी ठाऊक हाय. आत्ताच द्या."

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. पाच वर्षांत मी त्यांच्याशी "व्हय" आणि "न्हाय" सोडून बोलले नव्हते. मग हसले. "अगं देतो की. पण काका, किती ते तरी सांगा."

काका पिशवीचा बंद चाळवत राहिले. मला कळलं, त्यांच्याकडे घालायला आकडाच नव्हता. मी म्हणाले, "काका, यंत्र काढा. आधी जिन्नस. शेठ, बाहेरून माणूस बोलवला तर एका खेपेला काय घेतो?"

"इचलकरंजीचा एक जण येतो, तीन हजार घेतो. वर जेवण."

"काका, तीन हजार घाला. रुंद बटण दाबा. आता शेठ, वर्षात काका किती वेळा आले?"

शेठने मुकादमाकडे बघितलं. मुकादम म्हणाला, "सातदा."

"त्यातल्या दोन वेळा मी नुसता चहाला आलो होतो," काका म्हणाले.

"मग पाच घाला. आता गुणा."

काकांनी बटण दाबलं. शेठने डोकं पुढे करून आकडा बघितला. "पंधरा," ते म्हणाले. "चहाच्या दोन खेपा माझ्या नावावर लिहू नका म्हंजे झालं. शनिवारी पगाराबरोबर देतो." परत जाताना मला म्हणाले, "आणि ठाऊक नव्हतं गं मला, तुला तोंड हाय म्हणून."

मी जाऊन खाली बसले आणि अडकलेला टॉवेल सोडवत बसले. कड वाकडी गेली होती.

शनिवारी शेठने शब्द पाळला. रविवारी सकाळी काका खाली आले. धुतलेला सदरा घातला होता. अक्का ओट्यावर सुपारी कातरत होत्या. काकांनी नोटा माझ्या हातात दिल्या, वरची चिल्लर दिली, आणि सायकलच्या दुकानातून आणलेली नवी वालट्यूब कागदात बांधून दिली.

"व्याज नको काका. आपल्याआपल्यात कसलं व्याज?"

"यंत्राला खोटं पाडू नका," ते म्हणाले. मग मी घेतलं.

नोटा मी तिथेच अक्कांपुढे ठेवल्या. अक्कांनी मोजल्या, कमरेला खोचल्या आणि पडवीकडे बोट केलं. "ने मशीन. पोरगा येईल तेव्हा त्याला रिकामी जागा दाखवते."

काकांनी "वैराग" लिहिलेलं कार्ड यंत्रातून घातलं. आकडा आला, त्यातून दिलेले वजा केले. लाल दिव्यात एकटं शून्य उरलं. ते शून्य त्यांनी कार्डावर उतरवलं. मग अक्कांच्या हातातून अडकित्ता मागून घेतला आणि कार्डाचा कोपरा कचकन कापला.

"आता यावर कोणालाही काही लिहिता येणार नाही," ते म्हणाले. "मलासुद्धा. चला, आजचा आकडा सांगायचा राहिलाय. आज तुम्ही सांगा."

मी म्हणाले, "शून्य."

"गॅलरीतून सांगायचा असतो."

मी नाही नाही म्हणत जिना चढले. खाली गल्लीत नळावर बायका होत्या, त्यांनी वर बघितलं. मी कठडा धरून हळूच म्हणाले, शून्य.

"ऐकू नाही आलं अम्मा!" अक्का ओरडल्या.

मग मी ओरडले. एवढ्या मोठ्याने की समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली. "शून्य!"

"बरं वैरागबाई," काका खालून म्हणाले, मी रोज म्हणायची तसंच, मान खाली घालून. पैसे पूर्ण फिटले होते.